फॉगर की डबा? नागपूरच्या उन्हाळ्यात सापाच्या पेटीतला ओलावा

मार्च सरत आला की नागपुरातल्या बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हे साप पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते: कात तुकड्यातुकड्यांनी निघते. कारण कोरडी हवा. मग पहिली खरेदी होते ती फॉगरची. दोन लिटरची टाकी, वर हातभर लवचीक नळी, नळीतून पेटीत उतरणारं पांढरं धुकं. त्याच्या जोडीला आर्द्रता कंट्रोलर आणि तीन-चारशे रुपयांचं डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं मीटर. या तीन वस्तूंचं हे परीक्षण आहे. चौथी वस्तू म्हणजे इतवारीत कुठल्याही प्लॅस्टिकच्या दुकानात मिळणारा झाकणाचा डबा, आत ओलं शेवाळ भरून सापाला लपायला पेटीत ठेवायचा. चौघांत सर्वात जास्त काम तोच करतो.

परीक्षणाआधी थोडं गणित, कारण त्यावरच सगळा निकाल उभा आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटीत साधारण ४५० लिटर हवा मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते, म्हणजे या पेटीत जेमतेम १४ ग्रॅम. खोलीची आर्द्रता २५% असेल तर पेटीत साडेतीन ग्रॅम वाफ आधीच आहे. ६०% करायची तर सव्वाआठ ग्रॅम लागेल. फरक पडला पाच ग्रॅमचा, एक चहाचा चमचाभर पाणी.

पेटी कोरडी पडते ती पाणी कमी असल्यामुळे नव्हे, हवा निसटते म्हणून. वरून पूर्ण जाळी असलेल्या काचेच्या टँकमध्ये गरम हवा सतत वर चढून बाहेर जाते आणि खोलीतली कोरडी हवा तिची जागा घेते. समजा तासाला दहा वेळा हवा बदलली, तर तो चमचा दहा वेळा भरावा लागेल. दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाईल. तीच अदलाबदल तासाला एकदा झाली, तर दिवसाला १२० मिली पुरतं, आणि तेवढं पाणी तळाशी अंथरलेलं ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पाण्याचं भांडं मिळून बिनबोभाट देतात. तेव्हा पैसे आधी झाकणावर घाला.

आता फॉगर. वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी ही यंत्रं आतून सारखीच असतात: टाकीच्या तळाशी एक चकती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक थेंब उडवते, खालचा छोटा पंखा ते नळीतून ढकलतो. नळीतून जे येतं ती वाफ नाही, थेंब आहेत. थेंबांची वाफ व्हायला वेळ आणि उष्णता लागते. पूर्ण वेगावर तासाला २५० मिली पाणी उडवणारं यंत्र आपल्याला हवं असलेलं पाच ग्रॅम पाणी सव्वा मिनिटात पेटीत टाकतं. पाच मिनिटं चाललं तर वीस ग्रॅम झाले, आणि पेटीतल्या हवेची ताकद १४ ग्रॅमचीच. उरलेलं काचेवर, लाकडावर, कोकोपीटच्या वरच्या थरावर आणि सापाच्या अंगावर बसतं. फॉगर बंद केल्यावर जाळीतून हवा निसटतच असते, म्हणून अर्ध्या तासात मीटर पुन्हा ३५ दाखवतं. दिवसभर असा झोका चालू राहतो: ९९, ३५, ९९, ३५. सापाला यातलं काहीच मानवत नाही. सतत ओल्या पृष्ठभागावर पडून राहिलं की पोटाखालच्या खवल्यांवर आधी तांबूस डाग दिसतात, मग पाण्याचे फोड येतात. पाळणारे याला स्केल रॉट म्हणतात.

दुसरा दोष पाण्याचा. उष्णता देऊन वाफ केली तर क्षार मागे राहतात. फॉगरमध्ये ते थेंबासोबत उडतात. ५०० टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं, बोअरचं पाणी वापरलं तर तासाला सव्वाशे मिलिग्रॅम क्षार पेटीत जातात. काचेवरचा पांढरट थर हाच. तोच थर चकतीवरही चढतो आणि महिन्याभरात धुकं अर्ध्यावर येतं. लोक समजतात यंत्र बिघडलं. किराणा दुकानातलं लिंबूसत एक चमचा, अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून टाकीत वीस मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने चकती हलकेच पुसा, दोनदा धुवा. चकती खरवडायची नाही. तिच्यावरचा पातळ लेप निघाला की ती बदलावीच लागते. लिंबूसत आणि ब्लीच एकत्र कधीच वापरू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. नळाचं पाणी टाळून आरओचं वापरलं तर निम्मा त्रास कमी होतो. मात्र आरओ जंतू वाढण्यापासून वाचवत नाही. टाकीत चार दिवस राहिलेलं कोमट पाणी म्हणजे जंतूंची शेती, आणि फॉगर ते जंतू थेट सापाच्या श्वासात सोडतं. टाकी रोज रिकामी करा, आठवड्याला घासून पूर्ण वाळवा. हे होणार नसेल तर फॉगर घेऊच नका.

नळीचं एक खास दुखणं आहे, त्याबद्दल खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. यंत्र जमिनीवर आणि पेटी टेबलावर असली की नळी मध्ये झोळीसारखी लोंबते. त्या वळणात थेंब जमून पाणी साचतं आणि धुकं अडतं. आतून गुडगुड आवाज येतो. नळी यंत्रापासून पेटीपर्यंत सतत चढती ठेवा, कुठेही खोलगट वळण नको, म्हणजे जमलेलं पाणी टाकीत परत उतरतं. यंत्र पेटीच्या वर ठेवू नका. मग तेच पाणी धारेने पेटीत जातं.

घ्यायचंच ठरलं तर बटण पाहून घ्या. गोल फिरवायची खुंटी असलेलं फॉगर वीज परत आली की आपोआप सुरू होतं. स्पर्शाने चालणारं पॅनल असलेलं मॉडेल लाईन गेली की बंद पडतं आणि हाताने सुरू करेपर्यंत बंदच राहतं. कंट्रोलर फॉगरचा वीजपुरवठा चालू-बंद करूनच काम करतो, त्यामुळे स्पर्श-पॅनलचं फॉगर कंट्रोलरला जोडून उपयोग शून्य. हे न पाहता दोन्ही वस्तू घेतल्या जातात आणि मग दोन्ही कपाटात जातात. टाकीत पाणी संपल्यावर यंत्र थांबवणारा फ्लोट असणंही गरजेचं आहे. कोरडी चकती काही मिनिटांत जळते.

फॉगरबद्दल आमचा निकाल: बॉल पायथनसाठी किंवा कॉर्न स्नेकसाठी नागपुरात त्याची गरज नाही. मोठ्या, झाडाझुडपांच्या पेटीत, जिथे वरचेवर हवा खेळती ठेवावी लागते, तिथे विचार करा. कोरड्या प्रदेशातल्या केनियन सँड बोआ आणि हॉग्नोज या सापांसाठी तर ते घातकच आहे. त्यांना ३० ते ५०% पुरते.

हायग्रोमीटरकडे वळू. इथे आमचं मत उलट आहे: एक नाही, दोन घ्या. मोठ्या पडद्याचं एचटीसी-१ हे बाजारात सर्वात सहज मिळणारं मॉडेल. त्याची स्वतःची हमी ±५% ची आहे, म्हणजे ६० दाखवत असेल तर खरी आर्द्रता ५५ ते ६५ मध्ये कुठेही. या कामाला एवढं चालतं, फक्त चूक किती आणि कुठल्या बाजूला, ते माहीत हवं. एचटीसी-२ ला दीड मीटरची वायर आणि टोकाला प्रोब असतो. अनेकजण तो प्रोब पेटीत आणि मीटर बाहेर भिंतीवर लावतात आणि पडद्यावरची आर्द्रता पेटीतली समजतात. ती खोलीची असते. वायरच्या टोकाला फक्त तापमान मोजलं जातं. आर्द्रतेचा सेन्सर मीटरच्या पाठीवरच्या बारीक फटींमागे आहे. मे महिन्यात पडद्यावर १८% पाहून घाबरून पेटीत पाणी ओतणाऱ्यांची चूक नेमकी इथे असते. आर्द्रता हवी असेल तर मीटर पेटीच्या आतच ठेवावं लागेल. घड्याळासारखी काटेवाली गोल मीटरं दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतात. ती घेऊ नका.

नवीन मीटर मिठावर तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात अर्धं झाकण पॅकेटमधलं शुद्ध मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका, ओल्या वाळूसारखं झालं की थांबा. मीठ विरघळून पाणी वर तरंगत असेल तर आणखी मीठ घाला. हे झाकण आणि मीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत, एकमेकांना न चिकटवता, बारा तास ठेवा. ऊन किंवा कूलरचा झोत नको, तापमान स्थिर हवं. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५% वर स्थिरावते. मीटरने ६९ दाखवलं तर सहा मिळवायचे. ८० दाखवलं तर पाच वजा करायचे. तो आकडा मीटरच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवा. खडे मीठ वापरू नका: त्यातली मॅग्नेशियमची भेसळ पाणी ओढते आणि आकडा ७५ च्या खाली येतो. दहापेक्षा जास्त फरक पडला तर दुकानदाराला परत द्या. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, हीच चाचणी पुन्हा करा. सतत ९०-९५% मध्ये राहिलेले स्वस्त सेन्सर भरकटतात.

मीटर कुठे लावलं यावर आकडा किती बदलतो, ते फार कमी लोक मोजून पाहतात. पेटीतली वाफ सगळीकडे जवळपास सारखीच असते, पण गार हवेची क्षमता कमी. ३० अंशांना ६०% असलेली तीच हवा २६ अंशांच्या गार टोकाला ७५% दाखवते आणि ३२ अंशांच्या गरम टोकाला ५४%. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून एक मीटर गार बाजूला, एक गरम बाजूला, दोन्ही तळापासून तीन-चार सेंमी उंचीवर, जिथे साप असतो तिथे. झाकणाला चिकटवलेलं मीटर दिव्याखालची कोरडी हवा मोजतं, पाण्याच्या भांड्याशेजारचं भांड्याची. फॉगरच्या नळीसमोर ठेवलेल्या मीटरवर थेंब बसतात आणि ते ९९ वर अडकतं. काढून कोरड्या खोलीत दिवसभर ठेवल्यावर बहुतेक वेळा पूर्ववत होतं.

कोणत्या आकड्यावर समाधान मानायचं? बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गवताळ भागातला साप; जमिनीवर कोरडेपणा असला तरी दिवस काढतो उंदरांच्या बिळात आणि वारुळांत, जिथे दमटपणा जास्त असतो. त्याला गार बाजूला ६० ते ७५% मिळालं की तो ठीक असतो. कॉर्न स्नेकला ४५ ते ६०, कात टाकायच्या दिवसांत थोडं जास्त. दिवसा ५० पर्यंत उतरून रात्री ७० पर्यंत चढलं तर बिघडत नाही. जमिनीखाली जायला दमट जागा हवी, ही मुख्य अट.

कंट्रोलर म्हणजे दोन आकडे लक्षात ठेवणारा स्विच. प्रोब आर्द्रता वाचतो, खालच्या आकड्यावर प्लग सुरू, वरच्या आकड्यावर बंद. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत आणि ऑनलाइन तापमान-आर्द्रता दोन्ही दाखवणारे एसटीसी-३०२८ सारखे मिळतात. काम साधं आहे आणि ते करतातही, पण तीन ठिकाणी लक्ष द्यायला हवं. मागच्या बाजूला २२० व्होल्टचे उघडे स्क्रू असतात. दमट पेटीशेजारी ते उघडे ठेवू नका, प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बंद करून, फ्यूज घालून, वायरमनकडून बसवून घ्या. दोन आकड्यांत किमान आठ टक्क्यांचं अंतर ठेवा, म्हणजे ६० ला सुरू, ६८ ला बंद. अंतर दोन टक्के ठेवलं तर दर मिनिटाला रिले (आतला स्विच) टकटक करतो आणि लवकर मरतो. प्रोब फॉगरच्या नळीपासून दूर, गार टोकाला लावा. हवा तिथे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा ठरवलेल्यापेक्षा पाच-सात टक्क्यांनी पुढे जाणारच, ते गृहीत धरा. रिले चिकटून बसला तर फॉगर थांबत नाही. त्यावर उपाय सोपा: टाकीत दोन लिटर भरायचेच नाहीत, ३०० मिली भरा. बिघाड झाला तरी पेटीत तेवढंच पाणी जाईल. फॉगर नसेल तर कंट्रोलरही नको. हीटरला मात्र स्वतंत्र थर्मोस्टॅट अटळ आहे.

आता ज्या गोष्टी खरोखर चालतात त्यांच्याबद्दल. जाळीचं झाकण असलेल्या टँकची ८० ते ९०% जाळी झाकून टाका. अॅक्रेलिकची पातळ शीट सर्वात नीटनेटकी. नसेल तर जाड पॉलिथिन किंवा अॅल्युमिनियम फॉइल दोन पदरी. दिव्याभोवती एक वीत जागा सोडा, तिथे प्लॅस्टिक अजिबात नको. एका टोकाला दोन-तीन बोटं रुंद पट्टी उघडी ठेवा. पूर्ण बंद केलं तर हवा कोंदते, काच ओली राहते, बुरशी धरते. नवीन पेटी करून घेणार असाल तर समोरून उघडणारी घ्या: पीव्हीसी शीटची किंवा १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायची, आतून इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे तीन हात, कोपऱ्यांत अॅक्वेरियमचं सिलिकॉन. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, किमान तीन दिवस, साप आत नको. हवेसाठी ५० मिमी व्यासाच्या दोन गोल जाळ्या पुरतात, एक गार बाजूला खाली, दुसरी गरम बाजूला वर. हवा हळू आणि एकाच दिशेने सरकते.

खाली कोकोपीट. नर्सरीत पाच किलोची वीट मिळते, ती फुलवली की सत्तर लिटरच्या आसपास होते. चार बाय दोनच्या पेटीत साडेसात सेंमी थर द्यायला ५६ लिटर लागतं, म्हणजे एक वीट पुरून उरते. स्वस्त कोकोपीटमध्ये समुद्री क्षार असतात. बादलीत भिजवून दोनदा पाणी बदला, पिळा, मग वापरा. योग्य ओलावा ओळखायची खूण: मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांमधून थेंब पडू नये. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर पाणी कोपऱ्यांत ओता, वरून शिंपडू नका. पाणी तळाशी पसरतं, वरचा बोटभर थर कोरडा राहतो, आणि खालून दिवसभर वाफ वर येते. साप कोरड्यावर बसतो, हवा दमट राहते. स्प्रेची बाटली वरचा थर तेवढा ओला करते. अर्ध्या तासात सगळं पूर्वीसारखं.

पाण्याचं भांडं गार बाजूला ठेवायची सवय असते. उन्हाळ्यात ते मधोमध सरकवा आणि उथळ पसरट घ्या. वाफ भांड्याच्या खोलीवर नाही, पृष्ठभागावर अवलंबून असते.

आणि आता तो डबा. पाच ते आठ लिटरचा, झाकण घट्ट बसणारा, पारदर्शक नसलेला. मोठ्या बॉल पायथनसाठी बाजूला सहा-सात सेंमी व्यासाचं भोक, कॉर्न स्नेकसाठी चार. भोकाची कड सोल्डरिंग आयर्नने वितळवून गुळगुळीत करा, नाहीतर नवी कात त्याच कडेला फाटते. आत स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, ऑर्किडवाल्यांकडे मिळतं. भिजवा, दोन्ही हातांनी घट्ट पिळा, डब्याच्या एक तृतीयांशापर्यंत सैल भरा. डबा गरम आणि गार बाजूंच्या मध्ये, थोडा गरम बाजूकडे. आतली आर्द्रता ८५-९० पर्यंत जाते, पेटी ५० वर असली तरी. साप स्वतः ठरवतो कधी आत जायचं. एवढ्या छोट्या जागेतली दमट हवा सांभाळायला ना वीज लागते ना टाकी. मॉस दर आठ दिवसांनी पुन्हा भिजवून पिळा, तीन-चार आठवड्यांनी उकळत्या पाण्यातून काढा. हिरवट किंवा काळपट झालं, वास आला, तर फेकून द्या. नारळाच्या काथ्यानेही काम भागतं, तो फक्त लवकर सुकतो.

कात अडली असेल तर आधी ओळखा कुठे. डोळे दुधाळ निळसर होतात, मग पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर साधारण तीन ते पाच दिवसांत कात निघते. निघालेली कात पसरून पाहा: डोळ्यांवरच्या दोन्ही गोल झाकण्या आणि शेपटीचं टोक आलं का? शेपटीवर कातीचं कडं राहिलं तर रक्तपुरवठा अडून टोक वाळतं. कोमट, ३० अंशांच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल हवेची भोकं असलेल्या डब्यात ठेवून साप त्यात वीस-तीस मिनिटं सोडा. टॉवेलमधून सरकताना बहुतेक कात निघून येते. डोळ्यावरची झाकणी चिमट्याने ओढायची नाही, बुबुळाला इजा होते. पुढच्या कातीपर्यंत डब्यातला ओलावा वाढवा. दोन कातींनंतरही राहिली, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, घरघर दिसली, तर प्रयोग थांबवा आणि सापांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथून चौकशी सुरू करता येते.

कायद्याचं सांगणं या विषयात टाळता येत नाही. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांपैकी कुठलाही आपल्याकडचा साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, पेटी कितीही चांगली असली तरी. बॉल पायथन परदेशी आहे, पण साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये असल्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याच्या अनुसूची चारमध्ये येतो. त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. खरेदीची पावती दोन्हींची जपा.

राहिले नागपूरचे ऋतू, कारण वरचे सगळे आकडे त्यांच्या हाती आहेत. नवतप्यात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी ठाक असते, पण घरात कूलर चालू असला की खोलीच दमट होते. वाळ्याच्या किंवा हनीकोंब पॅडच्या कूलरसमोर खोलीची आर्द्रता ५०-६० वर सहज जाते. अशा खोलीत झाकलेल्या पेटीला वेगळं काही करावं लागत नाही. एक चूक मात्र टाळा: कूलरचा झोत पेटीवर नको. वाऱ्याने जाळीतून आतली हवा खेचली जाते आणि पेटी खोलीपेक्षा कोरडी पडते. एसीच्या खोलीत उलट, एसी हवेतलं पाणी काढून नाल्यात टाकतो. तिथे झाकण आणि डबा दोन्ही अनिवार्य. खोली ३४-३५ च्या वर जात असेल तर आर्द्रता विसरा, आधी खोली गार करा. हीटरचा थर्मोस्टॅट बंद झाला म्हणजे साप सुरक्षित, असं नाही. गरम आणि दमट कोंडलेली हवा कोरड्या गरमीपेक्षा जास्त जीवघेणी आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये खोलीच ८० च्या वर असते. जाळीवरची शीट अर्धी काढा, कोपऱ्यांत पाणी ओतणं बंद करा, कोकोपीट हाताने खालीवर करा. लाकडाच्या तुकड्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो तुकडा बाहेर काढून उन्हात टाका. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, हीटर रात्रभर चालतो आणि पेटी मेपेक्षाही कोरडी पडू शकते; हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या दिवसांत कोपऱ्यांतलं पाणी सकाळी, हीटर चालू असताना ओता, रात्री नाही. गार आणि ओलं एकत्र आलं की फुप्फुसाचा आजार सुरू होतो, म्हणून आधी तापमान २५ च्या वर नेऊन मगच ओलावा वाढवायचा.